काजलची पकड

लीगच्या खेळाडू निवडीत नागपूरच्या महिला कबड्डी संघाने पहिलं नाव पुकारलं ते कन्हानच्या काजलचं. समर्थकांना हवी होती हुडकेश्वरची जया. दोघीही डाव्या कोपऱ्यातून पकड करणाऱ्या, पण जया उंच आणि नावाजलेली. त्यात निवड चाचणीत काजल मॅटवर एकदा घसरली होती, आणि नेमका तेवढाच व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला.

मग तिचं काहीच बरोबर ठरेना. सरावात पकड केली की नशीब. चढाईवाली निसटली की ‘आम्ही म्हणतच होतो’. समर्थक मंडळाचा उन्मेष बँकेत नोकरीला. मनाने वाईट नव्हता, पण घसरलेली काजल त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

“तू लक्ष नको देऊ वं,” प्रशिक्षक गार्गीताई म्हणाल्या.

“एकदा त्यायले विचारून पाहते, ताई.”

रविवारी दोघी मंडळाच्या बैठकीला गेल्या. गार्गीताईंनी चाचणीतल्या पकडींचे व्हिडिओ दाखवले, सगळ्यांचे चेहरे आणि नंबर झाकून. एका पकडीवर उन्मेष पुढे सरकला. “असा घोटा धरायले जिगर लागते. जयाच आहे ही.”

“मी आहे ते,” काजल म्हणाली.

गार्गीताईंनी तीच पकड न झाकता लावली. चेहरा काजलचाच होता. उन्मेष म्हणाला, “एखादी पकड कोणालेही साधते.” बाकीच्यांनी माना डोलावल्या.

दोघी खाली रस्त्यावर आल्या. रडू येईल असं काजलला वाटलं होतं, पण आला तो संताप, आणि तोही हळूहळू निवला. “आता कोणाले पटवत नाही बसणार मी,” ती म्हणाली. “उद्यापासून माहा सराव वाढवा.”

“पाय भरून येतील.”

“येऊ द्या.”

पहिल्या सामन्यात तिच्या हातून दोघी निसटल्या. प्रेक्षकांत कुजबुज झाली, तरी तिने कोपरा सोडला नाही, आणि पुढची चढाईवाली तिने खेचून पाडली. हंगामभर ती तशीच खेळली. संघ उपांत्य फेरीत हरला. त्या दिवशी सर्वांत जास्त पकडी काजलच्या होत्या.

उन्मेष तिला बाहेर भेटला. “जया बी चांगलीच आहे, हे मी आजही म्हणतो,” तो अडखळत म्हणाला. “पण पुढच्या साली तू आपल्याकडेच राहा.”

“जया चांगलीच आहे,” काजल म्हणाली आणि बॅग खांद्याला लावून कन्हानच्या बसकडे निघाली. हंगाम संपला तरी सकाळी सराव होता.