अकरा वर्षं बापाला कोण भरवत होतं?

जास्मीनचा धाकटा भाऊ अदीब रोडपालीत राहतो. तिथून खांदा कॉलनीत अब्बांना बघायला यायचं तर रिक्षाला असा कितीसा वेळ लागतो? पण साहेबांना सवड मिळते ती ईदेला. त्याने लिहिलेल्या कादंबरीचा नायक मात्र मंगळावर जातो, तिथे वस्ती उभारतो आणि पनवेलला परतही येतो. कल्पनाशक्ती दांडगी, एवढंच म्हणायचं.

प्रकाशकाला कादंबरीचा कालपट हवा होता. कोणत्या साली काय घडलं, कोण तेव्हा किती वर्षांचं, उल्लेख कुठल्या प्रकरणात, सगळं. असल्या पुस्तकात साल चुकलं की वाचक सोलून काढतात. हे किचकट काम अदीबने आपाच्या, म्हणजे जास्मीनच्या, गळ्यात मारलं. तू घरीच तर असतेस, म्हणाला. घरी म्हणजे अर्धांगवायू झालेल्या अब्बांपाशी. त्यांना उठवायचं, पुसायचं, भरवायचं. जास्मीनला मस्कतच्या एका इस्पितळात लॅबची नोकरी चालून आली होती आणि उत्तर उद्यापर्यंत कळवायचं होतं. त्यावर अदीबचं म्हणणं, आधी पुस्तक होऊ दे, मग बघू.

दुपारी अब्बांचा डोळा लागल्यावर ती लिहायला बसली. २०४८ : बापाला अर्धांगवायू. नायकाची बहीण शरीफा बापाला पेज भरवते, प्रकरण सात. त्याच साली नायक इमाद मंगळाकडे निघतो. २०५९ : इमाद परततो. बाप खाटेवर, अंगात धुतलेला सदरा, मुलाला बघून हसतो. वाचकाला रडवायची चोख सोय.

आणि शरीफा? जास्मीनने पानं पुन्हा पुन्हा चाळली. ती मेली नव्हती, लग्न करून गेली नव्हती. सातव्या प्रकरणानंतर ती नव्हतीच. इमादच्या यानाची बॅटरी कधी बदलली त्याची तारीखसुद्धा होती. जास्मीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने अदीबला फोन लावला.

“शरीफाचं पुढे काय झालं?”

“कोण शरीफा?” मग त्याला आठवलं. “हां, ती. ती घरातच असणार ना, आपा. त्यात लिहिण्यासारखं काय आहे?”

अकरा वर्षं बापाला कोण भरवत होतं, तिने विचारलं. ते वाचक समजून घेतात, तो म्हणाला. कालपट तेवढा आज संध्याकाळपर्यंत पाठव, हेही म्हणाला.

“मग मी असं लिहिते. २०४८ : शरीफा नोकरीसाठी परदेशी गेली. बाप इमादच्या घरी राहायला आला.”

“असं कसं? मग इमाद मंगळावर जाणार कसा? सगळी कादंबरीच कोसळेल.”

“कोसळू दे. मस्कतला मी आज होकार कळवतेय. तुझी आतली खोली रिकामी कर, अब्बांना रविवारी घेऊन येते.”

तो आधी हसला. मग चिडला, मग बायकोची अडचण सांगू लागला. जास्मीनने सगळं ऐकून घेतलं आणि रविवार बदलला नाही.

“आपा,” अदीबने शेवटी खालच्या आवाजात विचारलं, “अब्बा खातात काय?”

“त्यांनाच विचार,” ती म्हणाली. “त्यांना अजून बोलता येतं.”