मालनमावशीचं सेवापुस्तक

मी एक जुनं सेवापुस्तक आहे. मित्रांनो, तुम्ही शाळेची पुस्तकं पाहिली असतील, गोष्टींची पाहिली असतील. माझ्यासारखं पुस्तक मात्र तुम्ही बहुधा कधी हातात घेतलं नसेल. मी दुकानात मिळत नाही. कचेरीत नोकरीला लागलेल्या प्रत्येक माणसामागे असं एक पुस्तक उघडलं जातं. तो कधी जन्मला, कधी कामावर आला, किती रजा घेतल्या, कधी निवृत्त होणार, हे सगळं त्यात लिहितात. माणूस बाहेर राबत असतो आणि त्याची नोकरी कपाटात आमच्या पोटात असते.

माझं कपाट मुंबईच्या पूर्व उपनगरात, घाटकोपर आणि मुलुंड यांच्या मधल्या एका कचेरीत होतं. गावचे दिवे, दवाखाने, झाडलोट बघणारी ती कचेरी. तिचं नाव मी सांगत नाही. अशा गोष्टी नावानिशी सांगितलेल्या आमच्या लोकांना आवडत नाहीत.

१९५९ साली मला पहिल्यांदा उघडलं ते नाना नावाच्या एका म्हाताऱ्या कारकुनानं. समोर एक सडपातळ बाई उभी होती. मालन धोंडिराम खरात, मूळ गाव फलटणजवळ, शिक्षण तिसरी. प्रसूतिगृहात आया म्हणून तिची नेमणूक झाली होती. नानांनी टाक शाईत बुडवला आणि विचारलं, "जन्मतारीख?"

"बारा जून, छत्तीस साल."

नानांनी ती आधी आकड्यात लिहिली आणि खाली अक्षरात लिहिता लिहिता मोठ्यानं म्हटली, "एकोणीसशे छत्तीस." मग तिच्या डाव्या हाताच्या पाचही बोटांचे ठसे माझ्या पहिल्या पानावर घेतले. डाव्या भुवईवरच्या व्रणाचीही नोंद झाली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं. एका माणसाचं खरं खरं सगळं माझ्यापाशी होतं.

पुढची बारा वर्षं सुखाची गेली. मालनबाई वर्षाला जेमतेम चार-पाच रजा घ्यायची, त्यामुळे माझी पानं सावकाश भरत. बाळंतिणींना आधार देणं, बाळांना अंघोळ घालणं, रात्रपाळी करणं हे तिचं काम. सगळे तिला मालनमावशी म्हणत. एकदा माझ्यात तिच्याबद्दल दोन ओळींची शाबासकीही चढली: ऐनवेळी डॉक्टर पोचले नाहीत, तेव्हा तिनं दाईबरोबर उभं राहून जुळी मुलं सुखरूप आणली होती. नवरा धोंडिराम वारल्यावर ती मुलीला, कमलला, घेऊन प्रसूतिगृहामागच्या नोकरवर्गाच्या खोलीत राहायला आली. तीही नोंद माझ्यात आहे.

१९७१ साली माझी वाट लागली. वरच्या मजल्यावरचा नळ सुट्टीच्या दिवशी उघडा राहिला आणि कपाटात पाणी झिरपलं. साठेक पुस्तकं भिजली. साहेबांनी अनंत तावडे नावाच्या एका कारकुनाला बोलावलं आणि दोन दिवसांत सगळी ठाकठीक करायला सांगितलं. दोन दिवसांत साठ पुस्तकं! तावडे खळीचा डबा घेऊन बसले. जिथे पान फाटलं असेल तिथे कागदाची पट्टी चिकटवायची, जिथे शाई पुसट झाली असेल तिथे गिरवायचं. माझी पाळी आली तेव्हा ते दमून गेले होते. अक्षरी जन्मतारखेच्या ओळीवर पान चिरलं होतं. त्यांनी त्या ओळीवरच पट्टी दाबून बसवली. वरच्या आकड्यातल्या तीनचा मधला बाक पुसला गेला होता. त्यांनी नीट न बघता तो दोन म्हणून गिरवला.

छत्तीसचे सव्वीस झाले. मित्रांनो, एका क्षणात माझी मालनबाई दहा वर्षांनी म्हातारी झाली, आणि मी तोंड मिटून कपाटात परत गेलो. तोंड उघडायची सोय पुस्तकांना नसते.

दरवर्षी एप्रिलमध्ये शिपाई एक यादी घेऊन प्रसूतिगृहात जायचा. यादीच्या डोक्यावर छापलेलं असे: 'मी माझे सेवापुस्तक पाहिले. नोंदी बरोबर आहेत.' मी कपाटातच असायचो. शिपाई म्हणायचा, "मावशी, इथं सही करा, लवकर," आणि मावशी हातातलं बाळ दुसरीकडे देऊन सही करायची. अशा तिनं बारा सह्या केल्या. मला एकदाही कुणी तिच्यापुढे नेलं नाही.

१९८४ च्या जानेवारीत त्या वर्षी निवृत्त होणाऱ्यांची यादी लागली. मालनमावशीचं नाव तिसरं होतं. ती कामाच्या साडीवरच कचेरीत आली. तावडे तोवर हेडक्लार्क झाले होते.

"तावडेसाहेब, यादीत काहीतरी गडबड आहे. मला अठ्ठावन्न कसे होतील? मला अठ्ठेचाळीसावं चालू आहे."

तावड्यांनी मला मागवलं. पहिलं पान उघडलं. त्यांची नजर त्या दोनवर पडली आणि तिथेच थांबली. मी सांगतो, त्यांनी स्वतःचं वळण ओळखलं. दोन काढताना शेपूट वर उडवायची सवय आख्ख्या कचेरीत त्यांच्या एकट्याची होती. त्यांनी मला पटकन मिटलं.

"पुस्तकात सव्वीस आहे, मावशी."

"अहो, छप्पन्न साली आम्ही दीक्षा घेतली तेव्हा मी वीस वर्षांची होते. सगळी वस्ती सांगेल!"

"वस्ती कागद देते का? आणि बारा वर्षं तुम्हीच सही करताय ना, नोंदी बरोबर आहेत म्हणून?"

"पुस्तक दाखवलं कुणी मला?"

"मग सही कशाला केली?"

मला वाटलं, आपली पानं आपोआप उलटावीत, पट्टी गळून पडावी. काही झालं नाही.

आस्थापना विभागात, म्हणजे जिथे आम्हाला सांभाळतात त्या खोलीत, नलिनी पेडणेकर नावाची कारकून नुकतीच बदलून आली होती. मूळची वेंगुर्ल्याची, राहायला मुलुंडला, बोलायला रोखठोक. तिनं हे सगळं ऐकलं होतं. मावशी गेल्यावर तिनं मला उघडलं, कागदावर वजाबाकी केली आणि तावड्यांच्या टेबलापाशी गेली.

"साहेब, जन्म सव्वीसचा धरला तर नेमणुकीच्या वेळी ही बाई तेहतीस वर्षांची होते. तेव्हा वयाची अट पंचवीसची होती. म्हणजे आकडाच चुकलाय."

तावडे वर न बघता म्हणाले, "किंवा नेमणूक चुकलीय. तसं वर कळवू का? पंचवीस वर्षांची नोकरीच रद्द होईल तिची."

नलिनीनं तरीही विषय सोडला नाही. तिनं मावशीच्या गावच्या शाळेला पत्र लिहिलं. तीन महिने उत्तर नाही. दुसरं पत्र लिहिलं. जूनमध्ये कार्ड आलं: त्या सालचं रजिस्टर वाळवीनं खाल्लं आहे, सबब दाखला देता येत नाही.

तीस जूनला मालनमावशीला निवृत्त केलं. छोटासा समारंभ ठेवला होता. ती आलीच नाही; त्या दिवशीही ती पाळी संपेपर्यंत प्रसूतिगृहात राहिली आणि किल्ल्या परिचारिकेच्या हातात देऊन मागच्या खोलीत निघून गेली. आठवड्याभरात खोली तीन महिन्यांत रिकामी करण्याची नोटीस आली. कमल तेव्हा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. नोटीस घेऊन ती कचेरीत आली आणि नलिनीला म्हणाली, "ताई, आई जेवत नाही नीट. म्हणते, मी काय म्हातारी दिसते का गं? सारखी आरशात बघते."

त्या दुपारी नलिनीनं माझ्या शेजारचं पुस्तक काढलं. तेही १९५९ सालचं, नानांच्याच हातचं. त्यात जन्मतारीख आकड्यात होती आणि खाली अक्षरातही होती. माझ्यात अक्षराच्या जागी पट्टी होती. तिनं माझं पहिलं पान ट्यूबलाइटसमोर धरलं. पट्टीखाली काळसर काहीतरी होतं, पण वाचता येईना.

"मावशी म्हणत होती, कारकुनानं मोठ्यानं म्हणत अक्षरात लिहिलं होतं," ती शिपाई गुणाजीला म्हणाली. "ते इथंच आहे रे, पट्टीखाली."

गुणाजी म्हणाला, "मग काढून टाका की पट्टी."

"अशी कशी काढू? सेवापुस्तक आहे. परवानगी लागते."

तिनं परवानगी मागितली. अर्ज पंधरा दिवसांनी परत आला, शेरा होता: 'कोणत्या नियमान्वये?' तिनं नियम शोधून लिहिला. या वेळचा शेरा: 'पट्टी कोणी लावली, याचा खुलासा करावा.' तो कागद तावड्यांच्या टेबलावर चार महिने पडून होता. एका वाक्याचं काम होतं. तावडे तो कागद सकाळी वर काढायचे आणि संध्याकाळी खाली ठेवायचे. शेवटी फाईल सापडत नाही असं सांगण्यात आलं. इकडे मावशीनं खोली सोडली होती आणि मायलेकी पार्कसाइटच्या वस्तीत, मावशीच्या बहिणीच्या घरात, पोटमाळ्यावर राहत होत्या.

मित्रांनो, राग येणं हे पुस्तकाचं काम नाही. पण त्या वर्षभरात मला इतका राग आला, की माझ्या शिवणीचे दोरे कसे तुटले नाहीत कोण जाणे. खरं उत्तर माझ्या अंगावर, एका कागदाच्या जाडीएवढ्या अंतरावर होतं, आणि चार टेबलांवर चार माणसं एकमेकांना पत्रं लिहीत होती.

वर्षभर चकरा मारणारी मालनमावशी १९८५ च्या मे महिन्यात एक दिवस पुन्हा आली. नेहमी ताठ चालणारी ती बाई भिंतीला हात लावत आली. नलिनीला म्हणाली, "बाई, राहू द्या आता. रोज येऊन मला माझीच लाज वाटायला लागली. होऊ दे मला एकोणसाठ."

नलिनी उठली. वाटीत पाणी घेतलं, कापसाचा बोळा घेतला.

"गुणाजी, इकडे ये. तू साक्षीदार. मावशी, तुम्हीही बघा."

तिनं बोळ्यानं पट्टी भिजवली. खळ फुगली. नखानं कडा उचलून ती पट्टी हळूहळू सोलत गेली. मला वेदना झाल्या म्हणणार नाही; चौदा वर्षांनी वारा लागला. पट्टीखाली नानांची काळी, ठसठशीत अक्षरं होती. मावशीनं बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचलं, "ए-को-णी-स-शे... छ-त्ती-स." मग ती खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली.

नलिनी मला तसंच उघडं घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. तिथे नाही म्हणायला जागाच नव्हती. ऑगस्टमध्ये हुकूम निघाला. माझ्यातला चुकीचा आकडा खोडून चार अधिकाऱ्यांनी सह्या केल्या आणि मालनमावशी पुन्हा कामावर रुजू झाली. मधल्या चौदा महिन्यांचं काय करायचं यावर बरीच लिखापढी झाली आणि शेवटी ती बिनपगारी रजा धरली गेली. न मागितलेली रजा! खोली दुसऱ्याला दिली गेली होती, ती काही परत मिळाली नाही. पट्टी कोणी लावली, हे मात्र पुन्हा कुणी विचारलं नाही.

त्याच टपालात आणखी एक कागद होता. परवानगीशिवाय सेवापुस्तकात फेरफार केल्याबद्दल नलिनी पेडणेकर यांना सक्त ताकीद. तिच्या सेवापुस्तकात ती लाल शाईनं चढली. मजकूर तावड्यांनी तयार केला होता. तो द्यायला ते स्वतः तिच्या टेबलापाशी आले. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"पेडणेकरबाई, कशाला केलंत हे?" ते हळूच म्हणाले. "माझी चारच वर्षं राहिली होती हो. दोन पोरींची लग्नं व्हायचीत."

नलिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला तेव्हाच सगळं कळलं.

"साहेब," ती म्हणाली, "तिची दहा राहिली होती."

आपल्या जागेवर जाऊन तावड्यांनी डबा उघडला. झाकण बराच वेळ हातातच होतं.

मला राहून राहून वाटतं, हा माणूस वाईट नव्हता. साठ पुस्तकं दोन दिवसांत करायला लावणाऱ्यांचाही यात वाटा होता. पण जानेवारीत त्या बाईपुढे मला उघडल्यावर तो एवढंच म्हणाला असता, "मावशी, माझ्या हातून चुकलं," तर काय झालं असतं? फार तर एक ताकीद. ती आज नलिनीच्या पुस्तकात आहे. १९८९ साली तावडे निवृत्त झाले, तेव्हा साहेबांनी भाषणात त्यांच्या निष्कलंक सेवेचं कौतुक केलं. त्यांचं पुस्तक माझ्याच कप्प्यात होतं. त्यात खरोखरच एक लाल अक्षर नाही.

म्हणून मित्रांनो, माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे. वाचल्याशिवाय कुठे सही करू नका, कुणी कितीही घाई करो. माझ्यासारख्या जुन्या कागदांना पाण्यापासून जपा. आमच्यात माणसं असतात. आणि लिहिताना तुमच्या हातून चूक झालीच, तर ती त्याच दिवशी सांगून टाका. दुसऱ्याची दहा वर्षं कपाटात कोंडून माणूस रोज कामावर कसा येतो आणि रोज कसा थोडा थोडा खचत जातो, ते मी जवळून पाहिलं आहे. ते पाहायची वेळ पुन्हा कुठल्या पुस्तकावर येऊ नये.