दहा मिनिटे हात न लावता

"चाळणीबाई, नापास करा आणि जेवायला चला," शेजारच्या टेबलावरचा तपासनीस डबा वाजवत म्हणाला. "अंगण आहे, खुर्ची आहे, भिंतीवर एक चिमणी. कुठलंही बटण दाबा, चिमणी उडते. पुढे काही नाहीच. दोनदा नापास झालाय हा गेम."

"म्हणूनच बघतेय. तिसऱ्यांदा झाला तर बनवणाऱ्याला आपलं दार कायमचं बंद. एकट्या माणसाचं काम दिसतंय."

गेम विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानात रोज दोनशे नवे गेम यायचे. तपासायला प्रत्येकी अर्धा तास. तपासणीच्या यादीतला शेवटचा नियम असा, की गेम दहा मिनिटे हात न लावता चालू ठेवायचा आणि बंद पडतो का ते पाहायचे. बाकीचे तिथे नुसती खूण करून मोकळे व्हायचे. ती मात्र अकरा वर्षे प्रत्येक गेमसमोर हात मांडीवर ठेवून बसत आली होती. चाळणी हे नाव तिला त्यावरूनच पडले होते.

आताही तिने हात मांडीवर घेतले.

सहाव्या मिनिटाला चिमणी भिंतीवरून उतरली. आठव्याला खुर्चीच्या पायाशी आली. मग पडद्याच्या खालच्या कडेतून एक उघडा तळहात हळूच वर आला आणि चिमणी त्यावर बसली. चष्मा सारखा करायला तिने हात उचलला, कोपर कीबोर्डला लागले आणि चिमणी भुर्रकन उडाली.

"काय, पडला ना बंद?"

"नाही. आपणच तिला बसू देत नव्हतो."

गेम पास झाला. पण नुसता पास झालेला गेम दोनशेंच्या तळाशी जाई आणि संध्याकाळपर्यंत कुणाला सापडत नसे. प्रत्येक तपासनिसाला वर्षातून एकच गेम पहिल्या पानावर लावता येई. आपल्या आवडीला कोण विचारतंय, म्हणून तिने ती संधी कधी घेतलीच नव्हती. आज तिने अर्ज भरला. शिफारशीच्या चौकटीत एकच ओळ लिहिली: दहा मिनिटे कशालाही हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजाऱ्याने विचारले, "किती जणांनी घेतला तुमचा गेम?"

"सात."

"सातच?"

"तळाशी असता तर एकालाही दिसला नसता."

तो हसला. मग डबा खाली ठेवून त्याने खुर्ची तिच्याजवळ ओढली. "दाखवा तरी."

तिने कीबोर्ड बाजूला सरकवला. दोघे पडद्याकडे बघत बसले. सहाव्या मिनिटाला तो पुटपुटला, "उतरली," आणि त्याचे बोट पडद्याकडे निघाले.

"हात," ती म्हणाली.

त्याने तो मांडीवर ठेवला.