दोन हँडलांचं विमान

मी बोलतोय. व्याकरणाने पाहिलं तर मी 'ते विमान', म्हणजे 'बोलतंय' म्हणायला हवं. पण ज्याचं नाकच मोडलंय, त्याला व्याकरणाची कसली लाज! हँगरच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर टेकून उभा आहे. तुम्ही भेटलात, तर सांगूनच टाकतो.

मी काही मोठं प्रस्थ नव्हे. चार माणसं बसली की पाचव्याची पिशवीही माझ्यात मावत नाही. माझा पहिला मालक हौशी होता. हौस फिटली आणि त्याने मला ताडपत्रीखाली ढकललं. चिमण्यांनी माझ्या इंजिनात संसार थाटला. तिथून मला बाहेर काढलं एका दातांच्या डॉक्टरांनी. पेशंटचे दात घासावेत तसं त्यांनी मला कानाकोपऱ्यातून घासून काढलं. हे ऋण मी विसरलेलो नाही.

माझ्यात पुढे शेजारी शेजारी दोन जागा आणि दोन हँडलं. दोन्ही आतून जोडलेली, म्हणून मी कुणाच्या ताब्यात आहे हे तोंडाने सांगावं लागतं. एकाने म्हणायचं "घेतलं", दुसऱ्याने म्हणायचं "सोडलं". परक्या माणसाबरोबर डॉक्टर हा नियम काटेकोर पाळायचे. घरच्या माणसाबरोबर नियम कोण पाळतो?

घरचं माणूस म्हणजे त्यांची लेक. एकुलती एक, तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. माझी काच पुसायला फडकं उचललं, की डॉक्टर म्हणायचे, "राहू दे." पेट्रोलचा डबा धरला, "राहू दे गं." आणि ती मुकाट्याने बाजूला व्हायची. तरी पोरगी विमान चालवायला शिकली, लायसन्स मिळवलं, नोकरीही पक्की केली. तिचा हात माझ्यावर हलका पडायचा. खरं सांगतो, डॉक्टरांपेक्षाही हलका.

त्या दिवशी हँडल तिच्याकडे होतं, डॉक्टर शेजारी. धावपट्टी अगदी खाली आली आणि आडव्या वाऱ्याने मला ढकललं. ती दचकली. "बाबा, घेताय का?"

"राहू दे," डॉक्टर म्हणाले.

तिचे हात उठले. डॉक्टरांचे मांडीवरच होते. तेवढा वेळ मी कुणाचाच नव्हतो.

मग मी आदळलो. पुढचं चाक मोडलं, पंखा जमिनीवर वाकला, नाक घासत घासत मी थांबलो. तिचा ओठ फुटला, डॉक्टरांचं मनगट मुरगळलं. जिवावरचं माझ्यावर निभावलं.

चौकशीला विमान खात्याचे साहेब आले. "हँडल कुणाकडे होतं?"

"माझ्याकडे," डॉक्टर म्हणाले.

"माझ्याकडे," लेक म्हणाली.

साहेबांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. डॉक्टरांना लेकीची नोकरी वाचवायची होती. लेकीला बापाचं उडणं वाचवायचं होतं. आणि दोघांच्याही पोटात वेगळंच होतं. ह्यांना वाटे, पोरगी अजून कच्ची आहे. तिला वाटे, बाबांचं वय झालं. प्रेमाने खोटं बोलले आणि एकमेकांवरचा विश्वास मात्र गमावून बसले. घरात बोलणं मीठ-पाण्यापुरतं उरलं. बाबांना या वयात एकटं सोडायचं कसं, म्हणून लेकीने नोकरीला नकार कळवायचं ठरवलं.

ती आपलं सामान न्यायला हँगरमध्ये आली, तेव्हा आईबाप सोबत होते. मागच्या सीटवरची जड बॅग तिने ओढली.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. तिने लगेच हात काढला.

आई बघतच राहिली. "अहो, त्या दिवशी वर तुम्ही हिला नेमकं काय म्हणालात?"

"म्हटलं, राहू दे. तुझ्याकडेच राहू दे."

लेक त्यांच्याकडे वळली. "मला वाटलं, बाजूला हो, मी बघतो."

"तिला दुसरं काय वाटणार?" आई म्हणाली. "जन्मभर त्याचा अर्थ तुम्ही तोच शिकवलात."

डॉक्टर माझ्या पंखाला धरून उभे राहिले. "जन्मभर हिच्या हातातलं काढूनच घेतलं गं," ते म्हणाले. "द्यायची वेळ आली, तर मला दुसरा शब्दच येईना."

मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

साहेबांना त्यांनी खरं काय ते सांगितलं. माझा कणा वाकलाय, मी आता उडणार नाही. नव्या पोरांना शिकवायला जमिनीवरच ठेवणार आहेत मला. जवळच्या माणसाला आपलं न बोलता कळतं, या भरवशावर राहू नका, एवढंच मी त्यांना आणि तुम्हाला सांगेन.

आज सकाळी लेक इथल्या फ्लाइंग क्लबच्या विमानातून वर गेली. एकटीच. डॉक्टर हँगरच्या दारात उभे होते. विमान उतरू लागलं तसे त्यांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले, हवेतलंच काहीतरी धरायला. ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हात खिशात घातले, आणि ती टेकेपर्यंत बाहेर काढले नाहीत.