शाळा अगदी जवळ

मी पिवळ्या घरातली पत्र्याची पाटी बोलतेय. ‘खोली भाड्याने देणे आहे’ असं सांगणारी. मूळची मी तेलाच्या डब्याची एक बाजू. घरमालकीण काकूंनी डबा कापून घेतला, ठोकून सपाट करवला आणि मला नवा जन्म मिळाला.

मला काम असं फार नव्हतंच. या गल्लीतून सहसा कुणी हलत नसे. भाडेकरूंची पोरं समोरच्या सरकारी शाळेत शिकून मोठी व्हायची. मी जिन्याखाली झाडूशेजारी निवांत पडून असायची.

मग पलीकडच्या माळावर मोठी कंपनी आली. तळमजल्यावरच्या भाडेकरू रंगाऱ्याला तर आभाळ ठेंगणं झालं. केवढ्या त्या भिंती! "आता आपले दिवस आले," असं तो बायकोला म्हणाला. नोकरदार मंडळी घरं शोधत गल्लीत फिरू लागली. त्यांची मुलं आली तशी शाळेलाही नवे बाक आले, प्रयोगशाळा आली. शाळेचं नाव झालं, गर्दी झाली आणि नियम निघाला: जवळ राहणाऱ्यांचीच मुलं घ्यायची. घर बदललं की शाळा बदलायची.

एका सकाळी काकूंनी मला रंगाऱ्यापुढे ठेवलं. "अक्षरं उडालीत रे, जरा नव्याने लिहून दे."

त्याने ब्रश फिरवला. पाचवीतली लेक मागून ओरडली, "बाबा, ‘खोलि’ काय लिहिताय? ली दीर्घ!"

तो हसला आणि वेलांटी बदलली. काकूंनाही हसू आलं. "बाई गं, तुझंच अक्षर मोत्यासारखं. खाली लिही, शाळा अगदी जवळ."

दातांत जीभ धरून तिने ती ओळ लिहिली. बापलेकीला वाटलं, वरची खोली रिकामी होतेय. मलाही तसंच वाटलं. मी तर नव्या रंगात मिरवत होते.

रंग वाळल्यावर काकूंनी मला त्या बापलेकीच्याच दारावर टांगलं.

"काकू, इथे?" रंगाऱ्याने विचारलं.

"नवे लोक दुप्पट द्यायला तयार आहेत रे. मला तरी दुसरं कोण आहे? तुला तेवढं जमत असेल तर तूच राहा."

"कसं जमणार, काकू? आणि पोरीची शाळा?"

काकूंनी मान खाली घातली. मला मात्र खाली घेतलं नाही. मला मान खाली घालायचीही सोय नव्हती. येणारा-जाणारा मला वाचत होता आणि मी लाजेने मरत होते.

सामान टेम्पोत चढलं. खोली मिळाली होती ती पार पुलापलीकडे. निघताना पोर माझ्याजवळ आली, फ्रॉकच्या टोकाने माझी धूळ पुसली.

"बाबा, अक्षर चांगलं आलंय ना?"

"हो," म्हणून तो ब्रशांच्या डब्यात उगाच काहीतरी शोधू लागला.

आता मी पुन्हा जिन्याखाली आहे. काकू म्हणतात, पाटी गुणाची आहे, लगेच माणूस येतो. ते ऐकलं की अंगावरचा रंग नकोसा होतो. कुणी मला खरवडायला घेतलंच, तर वरची ओळ राहू द्या, ते माझं कामच आहे. खालची तेवढी काढा. जिने ती लिहिली, तिच्यापुरती मी ती खोटी केली.