आत एक, बाहेर दोन

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर एक पांढरा डबा बसवला आहे, साबणाच्या वडीएवढा. तो बसवायला आलेल्या सौरवसरांनी आम्हाला गोळा करून सांगितलं होतं, "हा कॅमेरा नाही. याला चेहरा दिसत नाही, नाव कळत नाही. फक्त ऊब दिसते. ऊब आत गेली की एक, बाहेर आली की एक. दिवे कुठे हवेत, रस्ता कुठे रुंद हवा, ते यावरून ठरेल. तुमचं खाजगी ते खाजगीच राहील." मग सगळ्यांनी मोबाइलवर शहराचं ॲप घेतलं. आपल्या गल्लीचा आकडा दिसतो म्हणून कोण कौतुक.

पण गल्ली आमची बंद. चार घरं आणि पुढे भिंत. दुपारी सगळे कामावर आणि मी, खुशी, शाळेत. तेव्हा घरी येते ती एकटी माझी ताई, प्रणाली. शहराबाहेरच्या वाडी भागातल्या एका गोदामात ती सकाळच्या पाळीला मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पाठवणीच्या पावत्या, बनवते.

समोरच्या वामनकाकांचं धरमपेठेत कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की ते काउंटरवर बसून मोबाइलवर आमच्या गल्लीचा आकडा बघतात. एका संध्याकाळी ते आमच्या दारात आले.

"वाईट नको वाटून घेऊ गा," ते बाबांना म्हणाले. "तुही पोरगी दुपारी आत जाते, तवा आकडा एक. थोड्या वेळानं बाहेर निघतात दोन. मंग वापस येते एक. रोजचं आहे. मी काही नाही म्हणून राहिलो. मशीन म्हणते."

ताई भाजी चिरत होती. तिची सुरी थांबली.

"कोणी नसते घरी," ती म्हणाली. "मी येतो, आबाची खळ शिजवतो, मैदानावर नेऊन देतो."

आबा म्हणजे आमचे आजोबा, ईश्वरदास. गल्लीत माग आता त्यांचाच उरलाय. लग्नाच्या साड्यांचं काम आलं की ते गल्लीबाहेरच्या मैदानात सुताचा ताणा लांब पसरतात आणि त्यावर तांदळाची खळ लावतात. सूत तुटू नये म्हणून.

"एकटीच येते पोरगी," आबा म्हणाले. "मी पाहतो नं."

"तुमाले सुताची गाठ दिसते आबा, माणूस नाही दिसत," वामनकाका हसले.

बाबा हसले नाहीत. "मशीन काहून खोटं बोलीन? तिले काय आपल्या घराशी दुश्मनी आहे?" मग ताईकडे न बघता म्हणाले, "उद्यापासून वाडी बंद. रविवारी उमरेडले जाय, मावशीकडे."

ताईची बॅग बाबांनी स्वतः भरली. मला इतका राग आला की दात दुखले. ज्या डब्याला चेहरा कळत नाही, त्यानं माझ्या बहिणीला चोर ठरवलं. गल्लीत दुपारी एकच मुलगी असेल, तर नाव कशाला लागतं?

दुसऱ्या दिवशी मी शाळेला दांडी मारली. ताई रडून झोपली होती, म्हणून खळ मीच शिजवली. खळीचा उकळता गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, ताईसारखंच चाकांच्या पाटावर ठेवलं आणि दोरीनं ओढत निघाले. दुसऱ्या हातात ॲप उघडलेलं. खांबाखालून गेले आणि आकडा बदलला. बाहेर, दोन.

मी मागे वळून पाहिलं. गंज शांतपणे वाफ सोडत होता.

रविवारी सकाळी मी सौरवसरांना बोलावून घेतलं. मोठ्या माणसाला फोन करायची माझी ही पहिलीच वेळ, पण जीभ अजिबात अडली नाही. बाबा आले, वामनकाका मोबाइल घेऊन आले. मी सगळ्यांसमोर गंज ओढला. दोन. पाटावरून उतरवला आणि रिकामा पाट ओढला. एक.

"हा घ्या ताईचा दोस्त," मी म्हणाले. "झाकण उघडून तोंड पाहून घ्या काका."

सगळे हसले. वामनकाका तर पोट धरून हसले. "च्यायला, गंज निघाला. मी म्हटलंच होतं, पोरगी सोन्यासारखी आहे."

"कवा म्हटलं होतं?" मी विचारलं. ते खोकले.

सौरवसर वहीत टिपून घेत होते. "आम्ही मशीनला गरम भांडं ओळखायला शिकवू."

"भांडं नका ओळखू," मी म्हणाले. "आकडा दाखवू नका. जिथं दोन-चारच माणसं असतात तिथं आकडा म्हणजे नावच झालं नं सर. दिवे लावाले तुमाले आकडा पायजे, तर तुमच्यापाशी ठेवा. काकाच्या काउंटरवर काहून पाठवता?"

"मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले. "वर कळवतो."

वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही माहीत नसावं.

बाबा ताईजवळ गेले. "झालं गेलं सोड वं. उद्या जाय वाडीले."

ताई उंबऱ्यात उभी होती. "अन् गंज नसता तर?"

"मंजे?"

"माणूसच असता, बाबा. माह्या ऑफिसातला कोणी पाणी प्याले आला असता. तर मी आज उमरेडच्या बसमध्ये असती नं?"

बाबांनी खांबाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथे होतं. वामनकाकांना अचानक दुकान आठवलं, रविवार असूनही.

ताई आत गेली आणि बाबांनी भरलेली बॅग घेऊन आली. "बरं झालं, भरूनच ठेवली. काजलची वाडीत भाड्याची खोली आहे, माह्याचसोबत काम करते ते. एक खाट रिकामी आहे. आबा, खळ आता खुशी आणून देईन."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाबा "प्रणाली" एवढंच म्हणाले. तिनं चपला घातल्या.

मी बॅग चाकांच्या पाटावर ठेवली आणि ओढत बसपर्यंत गेले. बस हलली तेव्हा तिनं खिडकीतून जीभ काढून दाखवली, मीही दाखवली, आणि मग मला रडू आलं, ते तिला दिसलं नाही.

परत येताना खांबाखाली थांबून मी ॲप उघडलं. बॅग गार होती, म्हणून या वेळी मशीननं अगदी बरोबर मोजलं होतं. बाहेर दोन. मी एक पाऊल पुढे टाकलं. आत एक.

समोरच्या खिडकीत वामनकाका मोबाइलवर वाकले होते.

"बरोबर आहे काका," मी खालूनच म्हणाले. "एक कमी झाली. लिहून ठेवा."