म्यूटचे बटण

मित्रांनो, मी एक जुना रिमोट आहे. माझ्या पाठीचे झाकण केव्हाच हरवले आहे. सेल घसरू नयेत म्हणून कमरेला चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि बटणांवरचे आकडे घासून पुसट झाले आहेत. माझ्याकडे बघून कुणालाही हसू येईल. खुशाल हसा, पण माझे ऐकून घ्या. मला हात असते तर जोडले असते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीत एक हिरवी पट्टी बसवली, तिच्यावर रबराची बटणे चढवली, की झाला रिमोट. तपासणीच्या टेबलावरची बाई प्रत्येकाचे प्रत्येक बटण दाबून बघत असे. माझी बटणे दाबताना ती शेजारणीशी सासूच्या तक्रारी करत होती, त्यामुळे मी पास झालो की नुसताच पुढे ढकलला गेलो, हे मला आजवर कळलेले नाही.

टीव्हीबरोबर मी ज्या घरी आलो तिथे दोनच माणसे होती. एक शहरात बस चालवणारे ड्रायव्हरकाका, आणि दुसऱ्या त्यांच्या पत्नी. त्या सरकारी रुग्णालयात नर्स होत्या, म्हणून सारी गल्ली त्यांना सिस्टरबाई म्हणे. एक लेक होती, पण ती लग्न होऊन दूरच्या शहरात गेली होती. घर छोटे, खिडकीत वाळत घातलेले कपडे, आणि सोफ्याच्या उजव्या हातावर माझी जागा. त्या घरात माझा थाट राजासारखा होता. "माझा मुकुट कुठंय?" असे म्हणून काका मला शोधत आणि सिस्टरबाई म्हणत, "बसलायत बघा त्यावरच!"

दोघेही निवृत्त झाले आणि मग हळूहळू सिस्टरबाईंची आठवण जायला लागली. आधी किल्ल्या गेल्या, मग वार गेले, मग माणसे जाऊ लागली. नोकरी मात्र गेली नाही, तीच तेवढी डोक्यात घट्ट बसली. दिवसभर त्या घरात फेऱ्या मारत, ड्यूटीला उशीर होतोय म्हणून चपला शोधत. एका जुन्या मालिकेपुढे मात्र त्या शांत बसत. एका शाळामास्तरच्या बिऱ्हाडाची साधीसुधी मालिका होती ती. त्यात कुणी किंचाळत नसे, कुणी कट करत नसे. तेच तेच भाग पुन्हा पुन्हा लागत आणि सिस्टरबाई ते दर वेळी नव्याने बघत. त्या वेळात त्या जेवत, औषध घेत. मध्येच काका काही बोलायला गेले तर ओठांवर बोट ठेवून "शू!" म्हणत.

आणि मग जाहिराती यायच्या.

मित्रांनो, जाहिरातीचा आवाज मालिकेपेक्षा मोठा असतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. कुठे दारावरची घंटा वाजते, कुठे गजर होतो. एका विम्याच्या जाहिरातीत तर रुग्णवाहिकेचा सायरनच होता. सायरन ऐकला की सिस्टरबाई तडक उठत. "आले, आले! स्ट्रेचर घ्या कुणीतरी!" असे म्हणत दाराकडे धावत. एकदा अशाच धावल्या, सतरंजीत पाय अडकला आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन झाले. डॉक्टर काकांना बाजूला घेऊन म्हणाले, "पुन्हा पडल्या तर उठणं कठीण आहे. सांभाळा."

त्या दिवसापासून काकांनी मला हातातून खाली ठेवले नाही. आयुष्यभर बस चालवलेला माणूस तो. वळण दिसायच्या आधी पाय ब्रेकवर जायचा, तसाच आता त्यांचा अंगठा जाहिरातीच्या आधी माझ्या म्यूटच्या बटणावर येऊ लागला. मास्तरच्या चेहऱ्यावर कॅमेरा थांबला, मागचा सूर लांबला, की समजावे वळण आले. अंगठा पडायचा. पडद्यावर माणसे तोंडे वेंगाडून साबण विकत असायची आणि खोलीत मात्र शांतता.

त्या शांततेत काका बोलत. खरे तर घुमा माणूस, पण बायको उठू नये म्हणून बोलायला शिकला. रोज कालच्या बसची एक गोष्ट रचून सांगे.

"काल एक आजीबाई कोंबडं घेऊन गाडीत चढल्या."

"मग? तिकीट काढलं?"

"काढलं की. आजीबाईंचं पूर्ण, कोंबड्याचं अर्धं."

सिस्टरबाई पदर तोंडाला लावून हसत. मग विचारत, "अहो, जेवलात का पण वेळेवर?"

अहो! दिवसभर त्या काकांना कधी वॉर्डबॉय समजत, कधी कुणा पेशंटचा भाऊ. त्या बोलण्यात मात्र ते पुन्हा त्यांचे अहो होत. जाहिराती संपल्या की काका मला हळूच दाबत, आणि मास्तरचे बिऱ्हाड पुढे बोलू लागे. माझे ते बटण दाबून दाबून गुळगुळीत झाले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते. मी कुणाला तरी पडू देत नव्हतो.

मग एके दिवशी ती मालिका चॅनेलवरून नाहीशी झाली. आता ती एका अॅपवर दिसते, महिन्याचे पैसे भरावे लागतात, असे कळले. लेक सुट्टी काढून आली. टीव्हीच्या मागे तिने एक इवलेसे यंत्र खोचले. त्याच्यासोबत एक चिमुकला, चकचकीत रिमोट आला. त्याला आवाजाची बटणेच नव्हती. "बाबा, यात जाहिरातच नाही! आता आईला घाबरायला नको," ती म्हणाली. काकांचे डोळे भरून आले. मला पुसूनबिसून ड्रॉवरमध्ये ठेवले गेले. शेजारी कात्री, मोडका थर्मामीटर आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या. मला वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण सिस्टरबाई आता पडणार नाहीत, असे म्हणून मी मनाची समजूत घातली.

त्या पडल्या नाहीत. मास्तरचे भाग एकामागून एक, मध्ये न थांबता चालू राहिले. त्या शांत बसून बघत राहिल्या. पण आता काकांना बोलायला जागाच उरली नाही. तोंड उघडले की "शू!", आणि मालिका थांबवली किंवा टीव्ही बंद केला की त्या चपला शोधायला उठत. काका नुसते शेजारी बसून राहत. मी ड्रॉवरच्या फटीतून ऐकत असे. कोंबडे नाही, आजीबाई नाहीत, हसणे नाही. आणि एका दुपारी सिस्टरबाईंचा तो कडक, वॉर्डातला आवाज आला:

"हे कुठल्या पेशंटचे नातेवाईक? भेटायची वेळ संपली. यांना बाहेर पाठवा."

खोलीत दुसरे कुणीच नव्हते. काका उठले आणि खरोखरच जिन्यात जाऊन उभे राहिले. बाहेरून त्यांच्या नाक ओढण्याचा आवाज येत राहिला. मी त्या काळोखात काय करणार होतो? माझ्या अंगात तर सेलही नव्हते.

पुढे लेकीचे फोन येऊ लागले. काकांना कमी ऐकू येई, म्हणून फोन स्पीकरवर असे.

"बाबा, त्यांनी परत दर वाढवले."

"पुन्हा? परवाच तर वाढवले होते!"

"हो ना. मुलांची कार्टून एकीकडे, यांची मॅच दुसरीकडे, आईची मालिका तिसरीकडे. प्रत्येकाची वेगळी वर्गणी. आणि आता म्हणतात, आहे त्या पैशात जाहिराती दिसणार. नको असतील तर आणखी भरा."

"म्हणजे पैसेही द्यायचे आणि साबणही बघायचा?"

"असंच आहे. पण मी भरते, काही झालं तरी भरते. आईसाठी नाही तर कुणासाठी?"

 काका म्हणाले, "नको भरू. जाहिरातीवालंच राहू दे."

"बाबा, वेड लागलंय का? आई उठेल, पडेल!"

"मी आहे ना. रिमोट आहे." आणि मग अगदी खालच्या आवाजात ते म्हणाले, "अगं, जाहिरात आली तर ती माझ्याशी बोलेल."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! जगात माणसे जाहिराती टाळायला पैसे मोजतात आणि हा भला माणूस त्या मागून घेत होता. पण त्याला हसू नका. बुडत्याला काडीचा आधार.

ड्रॉवर उघडला. मला नवे सेल मिळाले, कमरेला नवी चिकटपट्टी मिळाली. पहिल्या दिवशी जाहिरात आली, अंगठा पडला, आवाज थांबला. काका म्हणाले, "काल एक आजीबाई कोंबडं घेऊन..." सिस्टरबाईंनी मान वळवली. खूप वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहिले. "अर्धं तिकीट," त्या पुटपुटल्या. काका रडले आणि हसलेही. त्यांच्या तोंडून "अहो" काही आले नाही, पण उद्या येईल, परवा येईल, अशी आशा त्यांना वाटली. मलाही वाटली.

पण या नव्या जाहिरातींना वळण कळत नव्हते. मास्तर वाक्य बोलता बोलता मध्येच कापला जाई. सूर लांबत नसे, कॅमेरा थांबत नसे. काकांचा ब्रेक उशिरा लागू लागला. आणि ड्रॉवरमध्ये पडून पडून माझे रबर आतून चिकट झाले होते. ते मला जाणवत होते, पण सांगणार कसे? दर वेळी मी जीव खाऊन प्रयत्न करत होतो.

काल संध्याकाळी मास्तरची बायको चहा ओतत होती. कप भरायच्या आतच सायरन किंचाळला. काकांनी मला दाबले. माझे बटण आत गेले आणि आतच राहिले. त्यांनी पुन्हा दाबले, मांडीवर आपटले, पुन्हा दाबले. "अरे चाल ना रे, चाल!" ते माझ्याशी बोलले, मित्रांनो, माणसाशी बोलावे तसे. मी चाललो नाही.

"आले, आले!" सिस्टरबाई उठल्या. काकांनी मला फेकले आणि झेप घेतली. त्यांनी सिस्टरबाईंना सावरले, पण स्वतःचा पाय मुडपला. ते खाली बसले आणि त्यांच्या अंगावर टेकून सिस्टरबाईही अलगद खाली आल्या. हाड मोडले नाही. सायरन चालूच होता. काकांचा श्वास फुलला होता, चेहरा पांढरा पडला होता. सिस्टरबाईंनी तो चेहरा पाहिला आणि त्यांचे मनगट हातात घेऊन नाडी मोजायला सुरुवात केली.

"घाबरू नका," त्या म्हणाल्या. किती मऊ आवाज होता तो! "मी आहे ना इथे. तुमच्या घरचं कुणी आलंय का सोबत?"

 काका म्हणाले, "बायको आहे."

"मग बोलवा ना त्यांना आत. आपलं माणूस जवळ असलं की बरं वाटतं."

काकांनी हाक मारली. सिस्टरबाईंचेच नाव घेऊन मारली. सिस्टरबाईंनी दाराकडे पाहिले आणि कुणी आत येते का, याची वाट बघत राहिल्या. काकांचे मनगट मात्र त्यांनी सोडले नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. माझे दिवस भरले. पण तुमचा रिमोट चांगला आहे, तुमचे बोट चपळ आहे. आज घरी जाल तेव्हा टीव्हीचा आवाज बंद करा आणि शेजारी बसलेल्या माणसाशी बोला. काहीही बोला, कोंबड्याचे बोला. त्यासाठी जाहिरातीची वाट बघू नका. मी तुमच्या पाया पडतो, ते माणूस तुम्हाला अजून ओळखते आहे तोवर बोला.